नुसतं फिरायला

रेवदंड्याच्या बंदरावर नवी होडी आली की तिला दोनच प्रश्न विचारले जातात. जाळं कुठलं टाकणार आणि इंजिन कितीचं? माझ्या होडीला जाळं नव्हतं आणि इंजिन बसवायला जागाही नव्हती, त्यामुळे बंदरावरच्या मंडळींची सुरुवातीला फार पंचाईत झाली.

"मग घेतलीत कशाला, वैनी?"

"फिरायला."

"कुठं?"

"कुठंच नाही. इथंच. खाडीत, फार तर कोर्लईच्या टोकापर्यंत."

यावर समोरचा माणूस आजाऱ्याला बघून बाहेर पडताना हलवतात तशी मान हलवायचा आणि आपल्या कामाला लागायचा.

त्यांना हे खूळ वाटलं यात नवल नाही. ज्या घरातली माणसं अपरात्री उठून डोलीच्या जाळ्यांवर जातात, त्या घरात समुद्र म्हणजे कामाची जागा. कामाच्या जागी सुट्टीच्या दिवशी कोण जातं? मी बँकेत इतकी वर्षं काढली, पण रविवारी काउंटरवर जाऊन बसावंसं मला कधी वाटलं नाही. दुसरीकडे आमच्यासारखी पांढरपेशी घरं. आम्हाला समुद्र बघायचा असतो. सूर्यास्त बघायचा, भेळ खायची, पाय भिजवायचे आणि वाळू झटकून घरी यायचं. माझ्या सासरच्या घरापासून खाडी हाकेच्या अंतरावर आहे. वाडीत नारळ आहे, सुपारी आहे, विहीर आहे, पण घराचं तोंड रस्त्याकडे आणि पाठ पाण्याकडे. त्या घरात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांपैकी पोहता येणारी माणसं एका हाताच्या बोटांवर मोजावीत. एक तर पाण्यावर पोट भरायचं, नाहीतर पाण्याकडे बघायचं. या दोन्हींच्या मधलं काही असतं, हे मला कळलं ते सासरीही नाही आणि माहेरीही नाही. कळलं एनसीसीत.

कॉलेजात मी नेव्हल विंगमध्ये होते. मुंबईच्या बंदरात आमच्या वाट्याला दोन तऱ्हेच्या होड्या यायच्या. एक वल्ह्यांचा अवजड व्हेलर, ज्याने तळहातांना फोड यायचे. आणि दुसरी निळ्या शिडांची, दोन माणसांची एंटरप्राइज, जिच्यासाठी आम्ही व्हेलरचे फोड सोसायचो. १९८२ च्या एशियाडचे खेळ दिल्लीत झाले, पण शिडांच्या शर्यती मुंबईच्या समुद्रात झाल्या. एंटरप्राइज वर्गाचं सुवर्णपदक कराचीच्या बैराम आणि गोशपी आवारी या पारशी जोडप्याने नेलं. नवरा-बायको एका होडीत बसून शर्यत जिंकतात, ही गोष्ट आम्हा मुलींना पदकापेक्षा मोठी वाटली होती. पुढे नोकरी, लग्न, बदल्या, मुलं. शीड मागे पडलं ते निवृत्त होईपर्यंत.

एंटरप्राइजचा जन्म तसा गमतीचा आहे. १९५६ साली जॅक होल्ट यांनी लंडनच्या 'न्यूज क्रॉनिकल' या वर्तमानपत्रासाठी तिचा आराखडा केला. साध्या नोकरदार माणसाला घरच्या घरी, प्लायवूडच्या तक्त्यांतून, फुरसतीच्या वेळात बांधता यावी अशी होडी हवी होती. लांबी चार मीटरहून थोडी जास्त, वजन शंभर किलोच्या आत, शिडं दोन आणि दोन्ही निळी. लोकांचा विश्वास बसावा म्हणून अशा दोन होड्या ऐन हिवाळ्यात, रात्रीच्या वेळी इंग्लिश खाडी ओलांडून नेण्यात आल्या. कारकुनाने बांधायची होडी, म्हणूनच बहुधा माझं तिच्याशी जमलं.

मला मिळाली ती मुंबईतल्या एका क्लबाच्या मागच्या अंगणात उलटी पडलेली होती आणि तिच्या पोटाखाली मांजरीने पिल्लं घातली होती. भंगारवाला तिला लाकूड म्हणून घेईना आणि क्लब तिला होडी म्हणून ठेवीना. डोलकाठी, शिडं आणि सुकाणूसकट ती मला एका बऱ्यापैकी मोबाइलच्या किमतीत पडली. मांजरीचं बिऱ्हाड हलेपर्यंत थांबले, मग टेम्पो केला. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो आता गाड्याही नेते. टेम्पोत होडी, बोटीत टेम्पो, असा तिचा प्रवास झाला. "होडी बोटीतून नेताय?" असं वरच्या डेकवरून एका छोट्या मुलाने विचारलं. त्याच्या आईने त्याला गप्प केलं, पण प्रश्न रास्त होता.

खाडीच्या काठाला, भरतीच्या रेषेच्या वर, दोन माडांच्या मध्ये ताडपत्री बांधून आम्ही तिला उलटी ठेवली. जागा माझी नव्हती. एका तांडेलकाकांची होती, म्हणजे कागदावर त्यांचीही नसेल, पण तिथे कित्येक वर्षं त्यांची जाळी वाळत होती. वयाने ते पंच्याहत्तरीच्या पलीकडचे. आता स्वतः समुद्रावर जात नाहीत, मुलगे जातात. ते माडाखाली बसून जाळ्याची भोकं भरत असतात आणि बंदरावरच्या प्रत्येक कामावर त्यांचं लक्ष असतं. त्यांनी होडीवर बोटांनी टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "हितं मेलेली हाय. हितं जिती हाय."

निदान अचूक होतं. लाकूड कुजलंय का हे आवाजावरून कळतं. निरोगी प्लाय खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द. मी पेन्सिलने खुणा करत गेले आणि मग स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचत गेले. मागच्या सपाट फळीचे दोन्ही कोपरे आणि मधल्या फळीच्या पेटीचं बूड, एवढं सगळं स्क्रूड्रायव्हरला लोण्यासारखं लागलं. ही पेटी म्हणजे असल्या होडीचं दुखणं. शीड आडव्या वाऱ्यात होडीला बाजूला ढकलतं. ती सरकू नये म्हणून तळातल्या फटीतून एक फळी पाण्यात सोडलेली असते. हवी तेव्हा खाली, नको तेव्हा वर. तळाला मुद्दाम पाडलेलं भोक आणि त्याच्याभोवती पाणी आत येऊ नये म्हणून उभी केलेली पेटी. सगळा ताण त्या सांध्यावर येतो, आणि पाणी पहिलं तिथूनच झिरपतं.

मदतीला गावातला सुतार मिस्त्री आला. त्याची हयात दारं, चौकटी आणि देव्हारे करण्यात गेली. होडीला हात लावायला तो आधी कचरत होता, कारण होड्या बांधणारे वेगळे आणि त्यांचं शास्त्र वेगळं. पण ही फळ्यांची होडी नव्हती, प्लायची होती, आणि प्लाय त्याच्या ओळखीचा. अलिबागच्या दुकानात जाऊन तो 'सातशे दहा' मागतो. आयएस ७१० हे मरीन प्लायचं भारतीय मानक. स्वयंपाकघरातल्या ओट्याखाली बसवायला लोक तोच नेतात. दुकानदाराने सवयीने विचारलं, "किचन का बाथरूम?" मिस्त्री म्हणाला, "खाडी."

आमचं पहिलं भांडण सांध्यावरून झालं. कुजका भाग कापून नवा तुकडा बसवायचा, तर त्याचं म्हणणं तुकडा कडेला कड लावून बसवू आणि मागून पट्टी मारू. दरवाज्याला ते चालतं. होडीच्या तळाला सांधा उतरता लागतो. नव्या-जुन्या दोन्ही कडांना लांब उतार द्यायचा, जाडीच्या आठपट. सहा मिलिमीटरच्या प्लायला अठ्ठेचाळीस मिलिमीटर उतार. "एवढ्याशा जाडीला एवढा उतार म्हणजे शेवटी कागद उरणार," तो म्हणाला. कागदच उरायला हवा, मी म्हटलं. मग त्याने रंधा परजला, पातं पुन्हा धार लावून आणलं आणि कामाला लागला. प्लायला उतार काढताना एक मजा दिसते. प्लायचे पापुद्रे एकाखाली एक उघडे पडत जातात, आणि प्रत्येक दोन पापुद्र्यांमधली गोंदाची काळी रेघ दिसू लागते. उतार एकसारखा असेल तर या रेघा सरळ आणि समांतर येतात. कुठे हात जड पडला की तिथे रेघ वाकडी होते. मोजपट्टीची गरजच नाही. मिस्त्रीने त्या रेघा पाहिल्या आणि त्यानंतर कुणालाही हात लावू दिला नाही, मलासुद्धा. संध्याकाळी बंदरावरच्या पोरांना बोलावून तो त्या रेघा दाखवायचा.

चिकटवायला इपॉक्सी. यात रेझीन आणि हार्डनर असे दोन द्रव असतात. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात ते मिसळले की आपोआप उष्णता तयार होते आणि मिश्रण घट्ट होतं. प्रमाण डोळ्यांनी चालत नाही. मी घरातला सोनं-नाणं नव्हे पण केशर-वेलची मोजायचा छोटा वजनकाटा आणला. कोकणातला एप्रिल-मे हा इपॉक्सीचा वैरी आहे. थंड देशांतल्या पुस्तकांत अर्धा तास वेळ मिळतो असं लिहिलेलं असतं. इथे दुपारी त्याच्या निम्माही मिळत नाही. मिश्रण उभट डब्यात ठेवलं तर आतली उष्णता बाहेर पडायला वाव नसतो, ती साठत जाते, आणि बघता बघता डबा धुरायला लागतो. मी मिस्त्रीला मुद्दाम उरलेल्या मिश्रणाचा एक प्लास्टिकचा पेला उन्हात ठेवून दाखवला. पेला वाकडा होऊन धूर निघाला तेव्हा तांडेलकाका जाळं सोडून उठले. त्यानंतर आम्ही मिश्रण परातीत पातळ पसरून वापरायचो. सकाळी उजाडल्या उजाडल्या काम सुरू, दहाच्या आत बंद. दुपारी घासकाम.

समुद्राकाठच्या दमट हवेत आणखी एक त्रास. इपॉक्सी सुकल्यावर कधी कधी वर एक मेणचट थर येतो. त्यावर तसाच दुसरा हात दिला तर तो धरत नाही. पॉलिश पेपरने घासायला जावं तर पेपर तुपकट होऊन फुकट जातो. उपाय अगदी साधा. आधी गोड्या पाण्याने धुवायचं, मग घासायचं. विहिरीवरून पाणी आणायचं काम पोरांनी वाटून घेतलं. एका पोराला गोव्यातल्या दिवाडी बेटाची गोष्ट सांगितली. तिथे रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात 'म्हादेई' बांधली गेली, लाकडाच्या पट्ट्यांवर फायबर आणि रेझीन चढवून. आणि त्याच होडीतून २००९-१० मध्ये कमांडर दिलीप दोंदे एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. पोराने विचारलं, "एकटे? मग जेवायला कोण घालायचं?" मी म्हटलं, स्वतःच. त्याला पृथ्वीप्रदक्षिणेपेक्षा हे अवघड वाटलं.

शिडं गाठोड्यात होती आणि गाठोड्यात उंदीर राहून गेला होता. शिडाचं कापड पॉलिएस्टरचं, ते टिकतं. पण उन्हाने आधी शिवण मरते. बोटाने जरा ओढलं की दोरा तुटून येतो, कापड मात्र शाबूत. तालुक्याला मांडवांच्या कनाती शिवणारा एक शिंपी आहे, त्याच्याकडे नेलं. एवढं गुळगुळीत कापड त्याच्या मशीनखाली सरकेना. त्याने कापडाखाली वर्तमानपत्राचा कागद घातला, कागदासकट शिवलं आणि नंतर कागद फाडून काढला. उंदराच्या भोकांना त्याने ठिगळं लावली, पण निळा रंग जुळला नाही. शिडावर दोन गडद चौकोन राहिले. मला ते आवडतात. लांबून होडी ओळखू येते.

डोलकाठीवर मी फार लिहीत नाही. ॲल्युमिनियमची काठी आणि स्टीलचे स्क्रू, दोन्हींच्या मध्ये खारं पाणी. पांढरी भुकटी धरून स्क्रू असे बसले होते की काढताना तोंडात चांगले शब्द येईनात. सगळे बदलले, ग्रीस लावून बसवले, संपलं.

आता पाणी. बंदरावर भरती-ओहोटीचं वेळापत्रक कुणी पाहत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे गणित मी लग्न होऊन आले तेव्हा ऐकलं होतं, पण त्याचा उपयोग तेव्हा चतुर्थीच्या चंद्रोदयाइतकाही नव्हता. आता सारा कार्यक्रमच त्यावर ठरू लागला. कारण उन्हाळ्यात इथला वाराही घड्याळाने चालतो. सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई, तोही उन्ह चढेपर्यंत मरतो. मग दोन-एक तास पान हलत नाही. माणसं घामाने निथळतात, कुत्री बंदरावरच्या ओल्या जाळ्यांखाली शिरतात. जमीन तापली की दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि संध्याकाळपर्यंत चांगला भरतो. शीड हवं तर दुपारच पाहिजे. आणि दुपारी पाणीही हवं, नाहीतर समोर नुसता चिखल. म्हणजे तिथी हवी तृतीयेपासून सप्तमीपर्यंत, महिन्यातून दोनदा. उरलेल्या दिवशी होडी काठावर आणि मी तिच्याशेजारी, काही ना काही घासत. शहरातून येणारे मित्र शनिवार-रविवार बघून यायचे आणि दशमीच्या ओहोटीकडे बघून परत जायचे. मी त्यांना पंचांग बघून या म्हणायची, ते हसायचे.

होडी पाण्यात उतरवली त्या दुपारी पेटीचा सांधा कोरडा राहिला. मिस्त्री होडीत पालथा पडून टॉर्च मारून बघत होता. बोटाला ओल लागत नाही अशी खात्री झाल्यावर तो काही न बोलता उतरला आणि थेट घरी गेला. बायकोला घेऊन परत आला.

तांडेलकाका बरेच दिवस होडीला खेळणं म्हणत होते. "ही होरी नाय, खेलना हाय." आणि खरं सांगायचं तर ती आहेच. पण शीड चढलं की ते जाळ्यावरून नजर काढायचे. मी परत आले की विचारायचे, टोकाजवळ वारा फिरला ना? शीड कापायला लागलं ना? तिथे कोर्लईच्या डोंगराचा आडोसा येतो. हे ते माडाखाली बसून सांगत होते, आणि अगदी तसंच झालेलं असायचं. एकदा मी म्हटलं, चला की मग. ते म्हणाले, गुडघे. मी म्हटलं, होडीत चालायचं कुठं असतं?

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर मासेमारीच्या होड्यांना इंजिनं बसायला लागली ती स्वातंत्र्यानंतरच्या दोन-तीन दशकांत. काका पोरसवदा असताना बापाच्या शिडाच्या होडीवर जायचे. त्या होड्यांचं शीड तिरप्या परमाणावर बांधलेलं, आज राजपुरीहून जंजिऱ्याला माणसं नेणाऱ्या होड्यांचं असतं तसं. वाऱ्याची बाजू बदलायची तर तो सगळा लांबलचक वासा डोलकाठीच्या पुढून फिरवून दुसऱ्या अंगाला न्यायचा, हे दोन-तीन गड्यांचं काम. मग इंजिन आलं, शीड घराच्या माळ्यावर गेलं, आणि माळ्यावरून कधी पावसाळ्यात गोठ्याचं छप्पर झाकायला. त्यानंतर काकांनी शिडाची दोरी हातात धरली नव्हती.

त्यांना लाइफ जॅकेट घालायला लावलं तेव्हा बंदरावर मोठा हशा झाला. मी पुढे बसले, छोट्या शिडाची दोरी घेऊन. सुकाणूचा दांडा त्यांच्या हाती. पहिली काही मिनिटं होडी दारू प्यायल्यासारखी चालली, कारण त्यांचा हात वजनदार होडीचा आणि ही हलकी, बोटाने वळणारी. "पानावानी हाय," ते पुटपुटले. मग त्यांनी दांडा मुठीत धरायचा सोडला आणि दोन बोटांत धरला. शीड किती सोडायचं हे मी त्यांना सांगणार होते, पण त्यांची नजर शिडावर नव्हतीच. ती समोरच्या पाण्यावर होती. पाणी जिथे काळवंडतं तिथे वाऱ्याचा झोत येतोय. तो पोचायच्या आधीच ते दोरी सैल करायचे आणि होडी झुकण्याऐवजी पुढे सुटायची. मला हे एनसीसीत शिकवलं होतं, फळ्यावर बाण काढून. वळायची वेळ आली तेव्हा ते सवयीने अर्धवट उठले, परमाण फिरवायला. तोवर आडवी काठी आपोआप डोक्यावरून पलीकडे गेली आणि होडी दुसऱ्या अंगाला लागली. ते परत बसले. "बस? झाला?" म्हणाले. त्यांना ते पटलं नाही. एवढ्या सहज व्हायला नको होतं, असा त्यांचा चेहरा.

परत यायला आम्हाला उशीर झाला, कारण ओहोट लागली होती आणि ते वळायला तयार नव्हते. खाडीच्या तोंडाशी बाहेर जाणारं पाणी आणि आत येणारा वारा समोरासमोर भिडतात, तिथे उभ्या, आखूड लाटा उठतात. होडीत पाणी आलं. ते म्हणाले, "उपस." नाखव्याने पोऱ्याला सांगावं तसं. मी उपसलं. आयुष्यात बढत्या बऱ्याच मिळाल्या, पण पोऱ्याची जागा मिळाली ती अशी.

मे महिन्यात रेवदंड्याला पाहुणे लोटतात. किनाऱ्यावर बनाना राइड, पॅराशूट, कर्कश मोटारी. पलीकडे साळावच्या जेट्टीकडे जाणारे बार्ज. काठावर वलांडीवर बोंबील, खाली जवळा, आणि त्या वासाने नाक दाबत फोटो काढणारी मंडळी. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायला एक घोडा घेऊन शेजारच्या चौलला उतरला होता. त्यानेही इथल्या माणसांकडे असंच टकमक पाहून सगळं लिहून ठेवलं. पाहुण्यांना निळं शीड दिसलं की ते धावत यायचे. त्यांचा प्रश्न तिसराच: "पर हेड किती?" काहीच नाही म्हटलं की त्यांना संशय यायचा. एक गृहस्थ म्हणाले, फुकट असेल तर सेफ नसणार. पोरांनी माझ्या अपरोक्ष एक दर ठरवून ठेवला होता, हे मला फार उशिरा कळलं.

माझ्या मते बंदरावरचा उन्हाळा हा मुख्यतः बसण्याचा असतो. होडी म्हणजे तिथे बसायला मिळालेलं कारण. हातात पॉलिश पेपर असला की कुणी तुम्हाला इथे काय करता असं विचारत नाही. नुसतं बसलात तर विचारतात. काम करता करता कोळणी गप्पांत घेऊ लागल्या. कुणाची सून, कुणाचं कर्ज, कुठल्या होडीचा पंखा तुटला. माझ्या बँकेतल्या अनुभवाचा फायदा त्यांनी पुरेपूर उठवला. कित्येक दुपारी होडी एका बाजूला आणि मी व्याजाचे हिशेब करत दुसऱ्या बाजूला.

त्यातल्या एक मावशी, मासळीबाजारात उभी हयात काढलेल्या. सासर-माहेर दोन्ही दर्यावर जगणारं. त्या खाडीच्या तोंडापलीकडे कधी गेल्या नव्हत्या. बायकांनी होडीवर जायचं नाही असा काही लेखी नियम नाही. जात नाहीत इतकंच. एका दुपारी, बाजार आटोपून, टोपली उपडी ठेवून त्या म्हणाल्या, मना ने. नवऱ्याला सांगू का विचारलं तर म्हणाल्या, त्यांना काय सांगायचं, ते मला सांगून जातात का?

त्या होडीच्या मधोमध बसल्या, लाइफ जॅकेटवरून पदर घेऊन. वारा बेताचा होता. कोर्लईच्या टोकाच्या थोडं पुढे नेलं आणि होडी फिरवली, तर समोर आख्खं रेवदंडा. माडांची रांग, आगरकोटाची पडकी तटबंदी, मधून वर आलेला सातखणी मनोरा. मला वाटलं त्या काही तरी हळवं बोलतील. त्या डोळ्यांवर हात धरून बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "एवढाच लांब? आन्‌ म्हातारा सांगतो, जीव टाकून जातो!" मी म्हटलं, ते याच्या पुष्कळ पुढे जातात, जमीन दिसेनाशी होते तिथे. त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही. संध्याकाळी बंदरावर त्यांच्या नवऱ्याची जी चौकशी झाली, तिचा दोष बरेच दिवस माझ्या होडीवर होता.

पण मग आणखी बायका येऊ लागल्या. दोघी-दोघी. होडीत तिसऱ्या माणसाला जागा तशी नाहीच, पण ते त्यांना कोण सांगणार? त्यांनी विचारलेले प्रश्न पुरुषांच्या प्रश्नांहून वेगळे होते. शीड धुता कशात? दोरीने हात कापतो का? आणि एकीने, सुकाणूकडे बोट दाखवून: "ह्यो मी धरू?" तिने धरला, आणि मग किनाऱ्याला येईपर्यंत सोडला नाही.

मेच्या शेवटी वारा बदलतो. आधी लाट बदलते. वारा तोच असतो, पण बाहेरून लांब, गोल, आळशी लाटा यायला लागतात. कुठेतरी दूर पाऊस सुरू झालेला असतो. मग वायव्येचा वारा नैऋत्येला सरकतो. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, म्हणून मोठ्या होड्या एकेक करून वर ओढल्या जातात आणि त्यांच्यावर झावळ्यांची छपरं चढतात. माझी होडी त्यांच्या मानाने किरकोळ. चौघांनी उचलून वाडीतून आमच्या पडवीत आणून ठेवली. दोर गोड्या पाण्यात भिजवायचे, कप्प्यांना तेल द्यायचं, शीड उंदराच्या हाती लागणार नाही असं टांगायचं, या सगळ्यावर तांडेलकाकांनी उभं राहून देखरेख केली. खेळण्याची एवढी निगा कशाला, असं मी विचारलं नाही.

मिस्त्री मात्र टेप घेऊन आला. पावसाळ्यात दारं-खिडक्यांची कामं कमी असतात. त्याने होडीची मापं घेतली, आडवी, उभी, पेटीची, कडांच्या कोनांची, आणि पडवीच्या भिंतीवर पेन्सिलने मांडत गेला. आठ बाय चारचा प्लाय होडीच्या लांबीला पुरत नाही, दोन जोडावे लागणार, म्हणजे पुन्हा आठपट उतार. आता हे तो मला समजावून सांगत होता. दुसरी होडी जरा रुंद करू, तिघी बसतील अशी, असं मावशींचं म्हणणं. शीड निळंच हवं, असं काकांचं. पोरांनी तिचाही दर आधीच ठरवला आहे. मिस्त्री म्हणतो, ते सगळं नंतर. आधी रेझीनचे पैसे कोण देणार ते सांगा.